दाताची शीर डोळ्याला

“मग आता तुम्हीच सांगा आक्का, वरचा दात काढला की माणूस आंधळा होतो का?”

डॉक्टर रेवती शेंडगेनं हे उंबऱ्यातूनच विचारलं. एक चप्पल काढलेली, दुसरी अजून पायातच.

आत, खिडकीच्या उजेडात, चंद्राक्का गोधडी शिवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दुसरी पन काढ,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चप्पल.”

रेवतीनं चप्पल काढली. जरा जोरातच. ती भिंतीवर जाऊन आपटली.

टेकडीवरच्या या मठात ती वीस वर्षांत पहिल्यांदाच येत होती. खाली गावात तिचा दातांचा दवाखाना. आपण मठात कधी गेलो नाही याचा तिला थोडा अभिमानच होता, काही लोकांना आपण कधी वडापाव खाल्ला नाही याचा असतो तसा. आज आली तीही गाडीनं, मागच्या कच्च्या रस्त्यानं. एक पायरी चढली नव्हती. तरी धाप लागली होती.

रागाची धाप.

“बस,” आक्का म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही मला. तुमच्या ओसरीवर एक पोर बसलीय, सारिका नाव तिचं. पाचवा महिना चालू आहे. वरच्या दाताला पू झालाय, गाल पुरीसारखा फुगलाय, सूज डोळ्यापर्यंत चढलीय. रात्रीपासून ताप. तो दात आज निघाला नाही तर तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तिथं काय होईल ते मी आत्ता बोलत नाही. आणि तिची सासू म्हणते, आक्का काढ म्हणाली तर काढू. मी दाताची डॉक्टर. पाच वर्षं शिकले, वीस वर्षं दात काढतेय. आणि परवानगी कुणाची? तर... तुमची!”

“बस,” आक्का म्हणाल्या.

रेवती बसली. मांडी घालताना गुडघा वाजला. चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांनाही आपलं मत असतं.

आक्कांनी शेजारची वाटी पुढं सरकवली. गूळ आणि शेंगदाणे. इथं येणाऱ्या प्रत्येकाला ते देतात.

रेवतीनं गुळाचा खडा उचलला. डाव्या गालात ठेवला. हळूच चघळला.

आक्कांची सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

...

चंद्राक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मठात तीस वर्षं झाली. ना कुणाला माळ घालत, ना प्रवचन करत. लोक येतात, काहीतरी विचारतात. आक्का कधी चार शब्द बोलतात, कधी बोलतच नाहीत. आणि न बोलल्याचाही लोक आपापल्या सोयीनं अर्थ लावून टेकडी उतरतात.

मठाची म्हणून एकच रीत. दाराशेजारी भिंतीत मोठा कोनाडा आहे. ज्याला जे सोडायचं असेल ते तो तिथं ठेवून जातो. मशेरीच्या डब्या, तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, दोनचार गुटख्याच्या माळा. आक्का त्यातलं काही उचलत नाहीत, कुणाला उचलू देत नाहीत.

आत येताना रेवतीनं त्या कोनाड्याकडं बघून नाक मुरडलं होतं. निम्मे लोक खाली जाऊन नवी डबी घेत असणार. तिला माहीत होतं. तेच लोक काळे दात घेऊन तिच्या खुर्चीत बसायचे आणि सांगायचे, डॉक्टरबाई, मशेरीनं दात घट्ट होतात.

“कोन म्हनालं तुला,” आक्कांनी विचारलं, “की दात काढल्यावर नजर जाते असं मी सांगते म्हनून?”

“सगळेच म्हणतात.”

“मी म्हनल्याचं कुनी ऐकलंय?”

रेवती थबकली. खरं तर असं कुणीच म्हणालं नव्हतं. सासू एवढंच म्हणाली होती, की आक्कापुढं हा विषय निघतो तेव्हा आक्का काही बोलत नाही.

“तुम्ही गप्प बसता,” ती म्हणाली. “ते म्हणण्यासारखंच आहे. उलट जास्त वाईट. माझं बोलणं या कानानं आत, त्या कानानं बाहेर. तुमचं गप्प बसणं हे लोक पदराला बांधून नेतात.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं.

आक्कांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. पहिल्यांदाच वर बघितलं.

“ह्ये बरोबर बोललीस,” त्या म्हणाल्या. “चूक झाली माझी.”

भांडायला आलेल्या माणसाची अशी गैरसोय करू नये. रेवतीनं मनात अजून सात वाक्यं तयार ठेवली होती. ती सगळी वाया गेली.

पण राग असा पटकन जात नाही. त्याला दुसरी वाट मिळाली.

“नुसता तो डोळ्याचा प्रश्न असता तरी चाललं असतं हो. एक म्हणतो, दात साफ करून घेतले की हलायला लागतात. अहो, दगडासारखं किटण साचलंय, त्याच्याच आधारानं उभे आहेत ते. किटण काढलं की खरी परिस्थिती दिसते, तर म्हणे डॉक्टरनं हलवले! दुसरी म्हणते, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला औषध? पोर रात्रभर रडतंय, जेवत नाहीये, आणि खालचा पक्का दात वाकडा यायचा तो वेगळाच. तिसरा हिरडीतून रक्त आलं की ब्रशच बंद करतो. रक्त येतंय म्हणून तर जास्त घासायला पाहिजे, हलक्या हातानं, रोज! आणि त्या दिवशी एक जण कानात धूर घालून आला. बाजारात एकानं रिंगणीच्या बिया जाळून धूर दिला म्हणे, आणि दातातली कीड ताटलीत पडली. पांढऱ्या अळ्या! अहो त्या बियांच्याच आतल्या अळ्यांसारख्या दिसणाऱ्या कोंबड्या... म्हणजे कोंब. दातात अळी नसते. कधीच नसते. खड्डा पडतो तो साखर आणि आंबट पाण्यानं. पण तो माणूस मला ताटली दाखवतो. डोळ्यांनी बघितलं म्हणतो.”

“कोंबड्या,” आक्का म्हणाल्या.

“कोंब म्हणायचं होतं मला. रागात होतं असं.”

“व्हय. दिसतंय.”

“हसू नका आक्का. दवाखान्यात मी मोठा रंगीत तक्ता लावलाय. दातांबद्दलचे गैरसमज आणि खरं काय. स्वतः लिहून छापून आणला. सात वर्षं झाली. एकानं वाचला नाही. त्याच्या मागं एक पाल राहते, तिचाच काय तो उपयोग.”

आक्का खरंच हसल्या. तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. वर नाही, खाली नाही. गुलाबी, गुळगुळीत हिरड्या.

रेवतीतली डॉक्टर आपोआप पुढं वाकली.

“कधी गेले?”

“चाळीस वर्षं मशेरी लावली. दात घट्ट व्हतात म्हनायची माझी आई. तिचे पन असेच गेले.” आक्कांनी दाराकडं हनुवटी केली. “त्या कोनाड्यात सगळ्यात तळाशी पितळी डबी हाय. ती माझी. शेवटचा दात पडला त्या दिवशी ठेवली.”

“...मग उपयोग काय?”

“काय न्हाई,” आक्का म्हणाल्या. “म्हनून तर तळाशी ठेवलीया.”

...

आक्कांनी गोधडीतनं सुई काढली. दोरा संपला होता. रिळातून नवा ओढला, तोडला, आणि सुई दोरा दोन्ही रेवतीपुढं धरलं.

“ओव.”

“आक्का, मी तुम्हाला सांगतेय, ती पोर बाहेर तापानं...”

“ओव, मग बोलव तिला.”

रेवतीनं सुई घेतली. डोळ्यांजवळ धरली. छिद्र दिसेना. लांब धरली. हात पूर्ण लांब केला. छिद्र आता दिसत होतं, पण हात संपला होता. दोरा एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. एकदा बोटातच गेला.

पर्समध्ये चष्मा होता. दवाखान्यात ती तो लावायची, पण तिथं तो कामाचा वाटायचा, भिंगाचा, मोठ्या डॉक्टरांसारखा. बाहेर कुणासमोर काढायला तिला अजून धीर होत नव्हता.

आक्कांनी सुई तिच्या हातातनं घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि एका फटक्यात ओवली.

“तुझे दात हायत सगळे?”

“हो. अठ्ठावीस. अक्कलदाढा काढल्यात.”

“आन दिसत न्हाई.”

रेवती ताठ बसली. डोळे चमकले.

“हेच! आक्का, हेच तर! हेच त्यांना दाखवा! तुम्हाला एक दात नाही आणि सुई ओवता. मला सगळे आहेत आणि सुई दिसत नाही. वयानं होतं ते. तुम्हाला तर या वयात एवढं स्वच्छ दिसतं, मग...”

“मोतीबिंदू काढलाय गेल्या साली. शिबिरात. आत काच बसवलीया.”

“बघा! डॉक्टरनं काढला. दातानं नाही. थांबा, आत बोलवते दोघींना. तुम्ही फक्त सुई ओवून दाखवा, मी बाकीचं...”

ती उठायला लागली.

“थांब.”

रेवती अर्धी उठलेली तशीच राहिली. गुडघा पुन्हा वाजला.

“ही गंमत झाली,” आक्का म्हणाल्या. “गमतीनं कुनी तोंड उघडत न्हाई.”

“मग तुम्ही सांगा. काढ म्हणा. दोन शब्द. तुमचं ती ऐकेल.”

“आज माजं ऐकून काढंल. उद्या दुसऱ्या कुनाचं ऐकून बाळाला लस टोचनार न्हाई. मग तू परत गाडी काढून वर येशील?”

रेवती परत खाली बसली.

आक्कांनी एक टाका घातला. दुसरा घातला.

“लवंग कुठल्या दातात हाय?” त्यांनी विचारलं.

...

बाहेर ओसरीवर कुणीतरी खोकलं.

रेवतीची जीभ आपोआप उजवीकडं गेली. खालच्या मागच्या दाढेपाशी. तिथं एक लवंग होती. सकाळी सातला ठेवलेली. काल एक, परवा एक. त्या दाढेला चीर पडून चार महिने झाले होते.

“गूळ डाव्या बाजूनं खाल्लास,” आक्का म्हणाल्या. “आन वास येतो. माझे दात गेलेत, नाक न्हाई.”

“मी... वेळच मिळत नाही आक्का. रोज चाळीस पेशंट.”

आक्का शिवत राहिल्या.

“आणि इथं दुसरा दातांचा डॉक्टर एकच आहे. बोरगावे. माझ्याच हाताखाली शिकला दोन वर्षं. त्याला इंजेक्शन कसं धरायचं ते मी शिकवलं. हात थरथरायचे त्याचे. आता त्याच्यापुढं मी आ करून...”

तिनं वाक्य सोडून दिलं. पुढचं तिला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

मग ती म्हणाली, “आणि सुईची भीती वाटते.”

आक्कांनी दातांशिवाय दोरा तोडायची त्यांची पद्धत वापरली, दोन बोटांत गुंडाळून हिसका देऊन. कट्.

“मघाशी ती पोरगी पाया पडायला आत आली हुती,” त्या म्हणाल्या. “तू गाडी लावत हुतीस तवा. मी इचारलं, का काढत न्हाईस बाई? तर म्हनाली, सासूबाई नको म्हनतात. मी म्हनलं, सासूचं सोड, तुझं सांग. तर म्हनाली... डॉक्टरबाईंच्या तोंडाला लवंगेचा वास येतो. त्यांचा स्वतःचा दात दुखतोय. त्याच काढत न्हाईत, म्हंजे काढन्यात कायतरी असनारच.”

रेवतीनं तोंडावर हात धरला.

वीस वर्षं ती पेशंटना रागावत आली होती, लवंग ठेवून कशाला दिवस काढता म्हणून. लवंगेनं दात बरा होत नाही, फक्त दुखणं झोपतं, आणि ते झोपलेलं असताना आत पू पसरतो. तक्त्यावर तिसऱ्या क्रमांकाला होतं ते. लाल अक्षरात.

आतापर्यंत तिला सासूचा राग आला होता, गावाचा आला होता, आक्कांचा आला होता. आता कुणाचा करावा हे कळेना. म्हणजे कळलं होतं. पण त्या माणसावर ओरडायची तिला सवय नव्हती.

“बोलव त्यांना,” आक्का म्हणाल्या.

...

सारिका आत आली ती भिंत धरत. चोवीसपंचविशीची पोर. उजवा डोळा सुजेनं जवळजवळ मिटलेला. मागनं सासू हौसाबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून. दातांच्या कडा मशेरीनं काळ्या.

“बघा आक्का,” हौसाबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, “काढायच्या आधीच डोळा मिटाय लागला. दाताची शीर डोळ्याला जाते ती अशी. काढल्यावर काय ऱ्हाईल? आन ह्या डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्या मी बंद केल्या. उष्ण पडत्यात. बाळाला सोसत न्हाईत.”

रेवतीच्या घशात पंधरा वाक्यं आली. तिनं ती गिळली. लवंगेचा तिखट रसही त्यांच्यासोबत गेला.

“सारिका,” ती म्हणाली, “मी तुला चार दिवसांपूर्वी बघितलं. आज सकाळी बघितलं. दोन्ही वेळा मी एक विचारलं नाही. तू म्हणालीस वरचा दात, डोळा जाईल, आणि मी हसले.”

“व्हय,” सारिका म्हणाली.

“कुणाचा डोळा गेलाय? तुमच्या घरात?”

सारिकानं सासूकडं बघितलं. मग आक्कांकडं.

“माझ्या बापाचा,” ती म्हणाली. सुजेमुळं शब्द गोल होत होते. “बाजारात एक मानूस बसायचा चटई टाकून. पकड घेऊन. त्यानं वरचे तीन दात काढले. त्या वर्षात दोन्ही डोळे गेले अण्णांचे. मी सातवीत हुते. त्यांना हाताला धरून शेतात न्यायची मी.”

रेवती तिच्या आणखी जवळ सरकली.

“ते दात...” रेवतीनं विचारलं, “काढायच्या आधीच हलत होते का?”

“व्हय. नुसतं बोट लावलं तरी. शेजारचे पन.”

“आणि जखम व्हायची, बरी व्हायची नाही?”

सारिकाचा उघडा डोळा तिच्यावर रोखला गेला. “पायाला झालेली. भरलीच न्हाई. मग तालुक्याला नेलं तवा कळलं, साखर हाय. कैक वर्षांपास्नं हुती म्हनाले.”

“त्या साखरेनं,” रेवती म्हणाली, “साखरेनं आधी हिरड्या पोखरल्या. म्हणून दात हलले. त्याच साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा पोखरला. तो बाजारातला माणूस आला नसता तरी दात गेले असते, आणि डोळेही. चोर एकच होता, सारिका. दोन घरांत शिरला. पहिल्या घरात आवाज झाला म्हणून आपण समजलो, दुसरी चोरी पहिल्या घरानं केली. अण्णांची साखर तेव्हा कुणी तपासली असती तर...”

रागच आला होता तिला. पण आता तो त्या चटईवर बसलेल्या माणसावर होता, साखर न तपासणाऱ्या सगळ्या जगावर होता, आणि दोन वेळा हसलेल्या एका बाईवर होता.

“आन माझा डोळा?” सारिकानं विचारलं. “त्यो का मिटलाय?”

“पू वर चढतोय म्हणून. दात काढला तर डोळा जात नाही. ठेवला तर जाऊ शकतो. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. पण पुवाला रस्ता लागत नाही, तो पोकळीतनं वाट काढतो. आणि ताप बाळाला सोसत नाही. गोळी सोसते. मी या महिन्यात चालणारीच निवडून दिली होती.”

हौसाबाईंनी तोंड उघडलं.

आक्कांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते तोंड मिटलं.

“दुखंल का?” सारिका.

“सुई टोचताना दुखेल. एवढंसं. नंतर फक्त ओढल्यासारखं वाटेल. पू जास्त आहे, म्हणून भूल थोडी उशिरा चढेल. तेव्हा घाई करणार नाही मी.”

“तुमी सुई टोचून घेतलीय कधी? तोंडात?”

आता या प्रश्नाला एक सोपं उत्तर होतं. शिकत असताना अक्कलदाढा काढल्या तेव्हा घेतलीच होती की. पण सारिका ते विचारत नव्हती, आणि रेवतीला ते कळत होतं.

“घाबरते मी,” ती म्हणाली. “चार महिने झाले. दाढेला चीर गेलीय. लवंग ठेवून रोज तुमच्यासारख्यांचे दात काढते.”

हौसाबाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं. दयाच असावी. मशेरी लावणाऱ्या बाईनं दंतवैद्यावर दया करावी असा तो दिवस होता.

रेवतीनं फोन काढला. नंबर लावला. स्पीकर चालू केला.

“मॅडम?” पलीकडनं आवाज आला. तरुण, जरा घाबरलेला. “बोला मॅडम.”

“बोरगावे, अर्ध्या तासात माझ्या दवाखान्यात ये. एक इमर्जन्सी आहे, वरचा दात, पाचवा महिना. तो मी काढते, तू हाताशी राहा. त्यानंतर...”

“त्यानंतर काय मॅडम?”

“त्यानंतर माझी खालची उजवी दाढ बघायची तू.”

पलीकडं काहीतरी खाली पडलं.

“...मी, मॅडम?”

“तूच. आणि हात थरथरू देऊ नकोस. मी बघतेय.”

तिनं फोन बंद केला. सारिकाकडं वळली.

“तुझा झाला की बाहेरच्या बाकावर बसायचं. कापूस दाबून. मी खुर्चीत चढतेय की मागच्या दारानं पळतेय ते बघायचं. पळाले तर सगळ्या गावाला सांगायचं.”

सारिकाचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हसूच शकत नव्हता.

ती उठली. स्वतःहून. आक्कांच्या पाया पडायला वाकली तर आक्कांनी तिचा खांदा धरून तिला सरळ केलं आणि दाराकडं वळवलं.

...

हौसाबाई दाराशी जरा रेंगाळल्या. हात कमरेच्या पिशवीकडं गेला. कोनाड्याकडं बघितलं. हात मागं आला. मग त्या भराभर सुनेच्या मागं गेल्या.

रेवतीनं ते बघितलं. डोकं हलवलं.

भिंतीशी पडलेली चप्पल शोधताशोधता ती बोलायला लागली, आणि बोलताबोलता तिचा आवाज परत चढला. आपला जुना, ओळखीचा, दवाखान्यातला आवाज.

“बघितलंत ना आक्का? डबी काढायला हात जातो आणि परत येतो. कसं सुधारायचं यांना? पण मी आता सोडणार नाही. तो तक्ता काढून टाकते. पुढच्या रविवारी इथंच, तुमच्या अंगणात शिबिर घेते. सगळ्यांची साखर तपासते, हिरड्या तपासते. एकेकाला समोर बसवून सांगते, मशेरीनं दात घट्ट होत नाहीत. धुरानं कीड पडत नाही. आणि लवंगेनं तर मुळीच...”

जीभ उजवीकडं गेली. दाढेतली लवंग तिनं सवयीनं परत खाली दाबली.

गाडीपाशी सारिका तिची वाट बघत उभी होती, एका हातानं गाल धरून.

आक्कांनी गोधडीवरनं मान वर केली नाही.

“कोनाड्यात जागा हाय,” त्या म्हणाल्या.